एकशे चोवीस किलोंची सूट

पल्लेदारांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं, आणि ओळखपत्र कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये होतं. दैनिकाच्या क्रीडा पानावर अठ्ठावीस वर्षं लिहिणाऱ्या या गृहस्थांना शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे पल्लेदारच म्हणत, कारण त्यांचं वाक्य एकदा सुटलं की कुठे थांबेल याचा नेम नसे. एकाच वाक्यात नाणेफेक व्हायची, मध्यंतर व्हायचं आणि बक्षीस समारंभही उरकून जायचा. लग्न काही झालं नाही. मुलगी बघायला गेले की प्रस्तावनाच इतकी लांबायची की चहा निवायचा आणि मुलीकडची मंडळीही.

पुरुषांचा सामना असला की पल्लेदार खेळ लिहीत. कुणी मारलं, कुणी सोडलं, कुणी घाण केली, सगळं व्यवस्थित. बायकांचा सामना आला की मात्र खेळ सुरू व्हायच्या आतच लेखणी घसरायची. धावणारी असली तर तिचे डोळे हरिणीचे. पोहणारी असली तर तिची कांती पाण्यात चमकायची. अहो, बुद्धिबळ खेळणारी असली तरी तिची बोटं चाफेकळीसारखी निमुळती! त्या निमुळत्या बोटांनी प्यादं कुठे सरकवलं, जिंकली का हरली, ते वाचकांनी आपलं आपण शोधून काढावं.

आता यावरून माणूस चावट असेल असं वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. उलट भलताच भिडस्त. ऑफिसात एखादी बाई मागून येताना दिसली की हे दार धरून उभे राहायचे, आणि ती वाटेत कुणाशी बोलत थांबली तरी दार काही सोडायचे नाहीत. या सगळ्या गोडव्यामागे एक छत्री होती. फार वर्षांपूर्वी गोळाफेकीतल्या एका मुलीबद्दल त्यांनी 'कपाटाएवढी' असा शब्द छापला होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई छत्री घेऊन ऑफिसात आली. बाहेर कडक ऊन होतं, आणि बाईंनी छत्री उघडलेली नव्हती. पल्लेदार तासभर खऱ्याखुऱ्या कपाटामागे उभे होते.

शहाण्या माणसाने यातून काय धडा घेतला असता? की बाबा रे, बायकांच्या अंगाबद्दल लिहू नये, खेळाबद्दल लिहावं. पल्लेदारांनी धडा घेतला तो असा, की अंगाबद्दल लिहायचं, पण गोड लिहायचं. तेव्हापासून त्यांनी सूट द्यायला सुरुवात केली. खेळाडू बाई तीस वर्षांची असली तर छापताना पंचवीस. वजन सत्तर असलं तर पंचावन्न. 'पुरुषांचं वजन मोजून लिहावं, बायकांचं समजून लिहावं,' असं ते म्हणायचे, आणि आपण किती सभ्य आहोत या विचाराने त्यांना रात्री झोप छान लागायची.

या पल्लेदारांना एक ताई होती. नऊ वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे यांना न्हाऊ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं. आता दोघं एकाच इमारतीत राहत, ती खाली आणि हे वर, आणि जेवायला हे खाली. ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात एकतीस वर्षं कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे मशीनमधून काढायचे, गाडीवर टाकायचे, गाडी ढकलत वाळवायच्या खोलीत न्यायची. कोरडी चादर कुणीही उचलेल हो, ओली उचलून बघा. ताईचे खांदे रुंद होते, दंड भरलेले होते, आणि वजन होतं एक्क्याण्णव किलो. ती भावाला 'ठोंब्या' म्हणायची. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं.

दरवर्षी कामगारांच्या क्रीडा स्पर्धा भरत आणि त्यात बायकांची रस्सीखेच असे. धुलाई विभागाचा आठ जणींचा संघ सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात गेला आणि तिन्ही वेळा बस डेपोच्या बायकांनी त्यांना रेषेपलीकडे ओढून नेलं. ताई संघाची अँकर, म्हणजे दोराच्या अगदी शेवटी उभी राहणारी. दोर तिच्या काखेतून, पाठीवरून फिरवून घेतलेला असतो; पुढच्या सात जणींचे पाय घसरले तरी हिने घसरायचं नसतं. यंदा चौथ्यांदा गाठ डेपोशीच पडली होती. आणि पुढच्या महिन्यात ताई निवृत्त होणार होती. निवृत्त माणसाला कामगार स्पर्धेत घेत नाहीत, म्हणजे काय ते हेच वर्ष. 'एकदा त्या डेपोला ओढीन आणि मग खुशाल घरी बसेन,' असं ती महिनाभर पोळी लाटतानासुद्धा म्हणत होती.

रस्सीखेचीत वजनाचा नियम असतो. आठही जणींचं मिळून पाचशे साठ किलोंच्या वर वजन जाता कामा नये. वजन एकदाच करायचं, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. त्यानंतर मग तुम्ही हत्ती खा, कुणी विचारत नाही. म्हणून धुलाईच्या बायका दोन दिवस काकडीवर होत्या. शनिवारी संध्याकाळी जिमखान्याच्या हॉलमध्ये त्या रांगेने काट्यावर चढल्या, तेव्हा भुकेने एकमेकींकडे अशा बघत होत्या की काटेवाला कारकून दोन पावलं मागेच उभा राहिला.

हा कारकूनही पल्लेदारांच्याच पंथातला. बायकांचं वजन चारचौघांत मोठ्याने म्हणायचं म्हणजे त्याला घाम फुटे. तो काट्यावरचा आकडा बघून पुटपुटायचा.

'किती?' ताई विचारायची.

'अं... साधारण...'

'साधारण काय? काटा आहे का हवामान खातं?' ताई स्वतःच वाकून बघायची आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडायची, 'सत्त्याहत्तर!'

बातमीदार म्हणून पल्लेदार तिथे हजर होते. त्यांनी ताईच्या आवाजाबरहुकूम सगळे आकडे वहीत पेन्सिलीने टिपले. अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट, सहासष्ट, एकोणसत्तर, त्र्याहत्तर, सत्त्याहत्तर आणि शेवटी एक्क्याण्णव. एकूण पाचशे एकोणसाठ. बसलं! एक किलो शिल्लक ठेवून बसलं! कारकुनाने मनातल्या मनात बेरीज केली आणि नोंदवहीत आकडा न लिहिता फक्त 'मर्यादेत' असं लिहून पान झाकून टाकलं. डेपोच्या बायकांनाही त्याने तसंच 'मर्यादेत' केलं, पण पल्लेदारांनी काट्यावर डोकावून त्यांचेही आकडे पुढच्या पानावर टिपले.

पल्लेदार ऑफिसात आले आणि रविवारच्या अंकासाठी लिहायला बसले. हात आपोआप चालला. अठ्ठावन्नचे अठ्ठेचाळीस झाले, एकसष्टचे पन्नास. त्र्याहत्तरवाली पंचावन्नावर आली आणि सत्त्याहत्तरवाली अठ्ठावन्नावर. ताईच्या एक्क्याण्णवाशी पेन्सिल थोडी थबकली. बहीण म्हणून जरा जास्त सूट द्यायला हवी होती, पण फारच कमी केलं तर ताईला रोज बघणारा घरमालक हसेल. शेवटी सहासष्टवर सौदा पटला. बेरीज आली चारशे पस्तीस. पुढे 'वेलीसारख्या लवचिक' आणि 'गालांवर पहाटेची लाली' वगैरे घालता घालता जागा संपली आणि डेपोच्या संघाला एक ओळही उरली नाही.

रविवारी सकाळी मैदानावर धुलाईच्या बायका झाडाखाली सतरंजी टाकून खात बसल्या होत्या. दोन दिवसांची काकडी वसूल चालली होती. उकडलेली अंडी, पाव, केळी, किटलीभर चहा. ताईने चार केळी खाल्ली आणि पाचवं सोलायला घेतलं. पल्लेदार कौतुकाने बघत होते. ताईने अजून पेपर वाचला नव्हता. सामन्याआधी काही वाचायचं नाही असा तिचा नियम होता.

तेवढ्यात डेपोचे मॅनेजर पेपर फडकवत मंडपात शिरले. तिथे स्पर्धेचे अध्यक्ष बसले होते, नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन, आणि त्यांच्या शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून दैनिकाचे संपादक.

'अध्यक्षमहाराज, ही लेखी तक्रार,' मॅनेजर म्हणाले, आणि ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. 'आजच्या पेपरात छापलंय, काल काट्यावर चढलेल्या आठ बायकांचं वजन चारशे पस्तीस. आता तिकडे झाडाखाली बघा. त्या चारशे पस्तीस आहेत? हातच्या कांकणाला आरसा कशाला! काल बारीक बायका काट्यावर चढवल्या आणि आज दोराला या लावल्या. फेरवजन झालंच पाहिजे!'

अध्यक्षांनी नोंदवही मागवली. उघडून बघितली. कारकुनाकडे बघितलं. 'मर्यादेत म्हणजे किती?'

'साहेब, बायकांचं वजन... म्हणजे... लिहिणार कसं?'

'पेन्सिलीने!' अध्यक्ष कडाडले. मग चष्मा पुसून म्हणाले, 'नोंदीत आकडा नाही. आकडा आहे तो एकच, पेपरात छापलेला. तो खरा असेल तर फेरवजन करावं लागेल. काटा आणा.'

झाडाखाली पाचवं केळं ताईच्या हातातच राहिलं. शिल्लक होती एक किलो, आणि आठ जणींनी मिळून सोळा अंडी, अडीच डझन केळी आणि किटलीभर चहा रिचवला होता. काट्यावर चढल्या की संघ बाद! दोर हातात न घेता बाद! इस्त्रीवाली तर बोट घशात घालायला निघाली होती, तिला दोघींनी धरलं.

ताई उठली, मॅनेजरच्या हातातून पेपर घेतला आणि वाचला. मग ती भावाकडे आली. ती ओरडली असती तर पल्लेदारांना बरं वाटलं असतं.

'ठोंब्या, मला सहासष्ट केलंस?'

'अगं ताई, मी चांगलंच लिहिलं ना. लोकांना उगाच वाटायला नको की...'

'की काय?'

पल्लेदार केळ्यांची सालं गोळा करायला वाकले.

'पंचवीस किलो काढलेस माझे,' ताई म्हणाली. 'कुठले काढलेस ते तरी सांग. खांद्यांचे? या खांद्यांवर बसवून तुला शाळेत नेत होते मी, तुझे बूट चिखलात भरू नयेत म्हणून. का दंडांचे? एकतीस वर्षं चादरी उचलून कमावलेत ते. सांग ना, माझ्यातल्या कुठल्या पंचवीस किलोंची तुला लाज वाटली?'

आता रडायचं नाही असं पल्लेदारांनी ठरवलं, आणि रडले. अठ्ठावीस वर्षं ज्याला आपण मोठेपणा समजत होतो तो सगळा या बायकांना लपवण्याचा उद्योग होता, हे त्या भर मैदानात त्यांच्या डोक्यात शिरलं. पण पुढे जाऊन बोलायचं म्हणजे आली का पंचाईत! मंडपात संपादक बसले होते. 'आपल्या पेपरात छापलं ते खरं' हे त्यांचं ब्रीद. मागे एका बातमीदाराने स्वतःची चूक जाहीरपणे कबूल केली, तर त्याला निधन वार्ता लिहायला बसवलं होतं. निधन वार्तेत सगळेच मनमिळाऊ असतात, दुसरं विशेषण चालत नाही. पल्लेदारांना हे मरणाहून वाईट वाटे.

काटा आला. दोघांनी उचलून आणला आणि गवतावर ठेवला. ताई चपला काढू लागली.

'थांबा!' पल्लेदार ओरडले आणि धावत जाऊन त्यांनी ध्वनिक्षेपक हिसकावला. 'सुज्ञ क्रीडारसिकहो, आजच्या या रम्य, प्रसन्न, दवबिंदूंनी...'

'मुद्द्यावर या!' अध्यक्ष म्हणाले.

'मी खोटं छापलं.'

उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं लहान वाक्य उच्चारलं नव्हतं. संपादक खुर्चीतून अर्धे उठले. पल्लेदारांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि खिशातली वही काढली. 'काल मी काट्याशेजारी उभा होतो. खरी वजनं ही आहेत. छापताना मी कमी केली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच शहाणपणा केला. याच बायका काल होत्या आणि याच आज आहेत. इस्त्रीवाल्या बाई, अठ्ठावन्न!'

इस्त्रीवालीने दोन्ही हात वर केले आणि झाडाखालून टाळ्या वाजल्या.

'घड्या घालणाऱ्या धाकट्या, एकसष्ट! घड्या घालणाऱ्या थोरल्या, चौसष्ट!' पल्लेदारांचा आवाज चढत गेला. प्रत्येक आकड्याला बायका अशा ओरडत होत्या की जणू गोलच झाला. त्र्याहत्तरला शिट्टी आली. सत्त्याहत्तरवाली तर एक गिरकी घेऊन खाली बसली. कारकुनाने कानांत बोटं घातली होती.

'आणि अँकर. माझी ताई. एक्क्याण्णव!'

ताई उभी राहिली, आणि साऱ्या मैदानाने आरोळी ठोकली.

'वही काय, आत्ता झाडामागे बसून लिहिली असेल!' मॅनेजर तणतणले.

तेव्हा कारकुनाने कानांतली बोटं काढली. 'नाही साहेब. हेच आकडे. मला पाठ आहेत. बाईंनी इतक्या मोठ्याने सांगितले की काल झोपसुद्धा लागली नाही.'

अध्यक्षांनी बेरीज केली. पाचशे एकोणसाठ. ते तक्रार फेटाळायला तोंड उघडणार, इतक्यात डेपोच्या बाजूने एक भक्कम कंडक्टरबाई पुढे आल्या. 'ओ पेपरवाले, आमचं काय? आम्ही काय हवा आहोत? वाचा आमचंही!'

पल्लेदारांनी पान उलटलं आणि डेपोचीही वजनं एकेक करून वाचली. कंडक्टरबाई स्वतः अठ्ठ्याऐंशी निघाल्या आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. बेरीज झाली बरोब्बर पाचशे साठ.

'म्हणजे फेरवजन झालं असतं,' कंडक्टरबाई मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, 'तर आपणही बाद. सकाळी मी सहा अंडी खाल्लीत. तक्रार करायच्या आधी विचारायचं तरी होतं!' मॅनेजरांनी पेपराची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ते बसायला खुर्ची शोधू लागले.

तक्रार फेटाळली गेली. दोर आला. तीनांतल्या दोन ओढी जिंकायच्या होत्या. पहिली धुलाईने घेतली, दुसरी डेपोने. तिसऱ्या ओढीला शिट्टी वाजली आणि दोर ताठ झाला तो हलेचना. अर्धं मिनिट गेलं. मग इस्त्रीवालीचा पाय घसरला, तिच्यामागे घड्या घालणाऱ्या दोघी बसल्या, आणि मधली लाल फीत डेपोकडे वीतभर सरकली. पल्लेदार रेषेवर उभे होते, हातात वही होती आणि पेन्सिल कधी पडली ते त्यांना कळलं नाही. त्यांना ताईच्या टाचा दिसत होत्या. दोन्ही टाचा जमिनीत रुतल्या होत्या आणि ती मागे रेलली होती, इतकी मागे की पाठ जवळजवळ गवताला टेकत होती. एक्क्याण्णवच्या एक्क्याण्णव किलो दोराला लटकले होते. फीत थांबली. पुढच्या बायका उठल्या. ताई ओरडली, 'ओल्या चादरी आहेत गं, ओढा!' आणि फीत इकडे आली, आणखी आली, आणि कंडक्टरबाई आपल्या अठ्ठ्याऐंशी किलोंसकट रेषा ओलांडून अलीकडे येऊन पडल्या.

मग काय विचारता! सगळ्या जणी ताईच्या अंगावर पडल्या. खालून तिचा आवाज येत होता, 'उठा गं मेल्यांनो, पाचशे किलो आहात!'

नंतर ती झाडाखाली पाणी पीत बसली. हाताला दोर काचून सालं गेली होती. पल्लेदार शेजारी जाऊन बसले.

'ताई, एकदाचं सांग. बायकांच्या अंगाबद्दल लिहायचं का नाही?'

'दोराला वजन लागतं, ते लिही. आणि बरोबर लिही. बुद्धिबळवालीची बोटं कशाला रे लिहिलीस? बुद्धिबळात बोटं लागतात का?'

'सोंगटी उचलायला लागतात.'

'मारीन.'

संपादक आले. रागावलेले होते, पण ताईकडे बघून त्यांनी आवाज खाली ठेवला. 'महिनाभर निधन वार्ता,' ते पल्लेदारांना म्हणाले. 'आणि उद्याच्या अंकात चूक दुरुस्ती. तीन ओळींत. तुमच्या तीन ओळी नव्हेत, माणसांच्या तीन ओळी.'

पल्लेदारांनी ती दुपारी ऑफिसात बसून लिहिली. एवढ्याशा मजकुराला दोन तास लागले, कारण खोडायचंच फार होतं. सोमवारी क्रीडा पानाच्या तळाशी चौकटीत ती छापून आली:

'चूक दुरुस्ती: रविवारच्या अंकात धुलाई विभागाच्या महिला संघाचे एकूण वजन ४३५ किलो छापले होते. ते ५५९ किलो आहे. अँकरचे वजन ६६ नसून ९१ किलो आहे, आणि अंतिम सामन्यात ते सगळेच्या सगळे लागले.'